कंपनीतर्फे परदेशात स्वयंसेवेला जायचं असेल तर

२०२५ च्या जानेवारीत मी चार आठवडे केनियातल्या माकुएनीत राहून आले. माकुएनी ही तिथली एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी; केनियात अशा ४७ आहेत. पाठवलं कंपनीने, पगार चालू होता. काम होतं आंबा उत्पादकांच्या एका सहकारी संस्थेचं गोदाम रांगेला लावायचं. मी वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या परदेशी कंपनीत स्टोअर्स सांभाळते. परत आल्यापासून प्लँटमधले, नात्यातले बरेच जण विचारतात: कसं जायचं, कोण पाठवतं, इंग्रजीचं काय. सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहून काढते.

त्याआधी घरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझं पुढचं सगळं सांगणं तिच्यावर उभं आहे. माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली हजारो माणसं गेली. आमचं घर कललं, पण उभं राहिलं. नंतर देशातून, परदेशातून मदतीला माणसं आली. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्यात माझ्या आत्याचंही गाव होतं. घर पक्कं मिळालं, त्याबद्दल ती शेवटपर्यंत हात जोडायची. पण दारातली बसायची ढाळज नाही, कडबा रचायला जागा नाही, शेत लांब पडलं. आत्या म्हणायची, "घर दिलं बगा, पर आमी कसं ऱ्हाताव ते कुनी इचारलं न्हाई." परदेशी मदतीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य आधी ऐकवते. आपण मराठवाड्यातली माणसं मदत घेणाऱ्याच्या जागी उभी राहिलेलो आहोत. ती जागा आठवत गेलात तर अर्धी तयारी झाली.

योजना आहे का, हे कसं कळेल

अशा योजना बहुतेक मोठ्या, अनेक देशांत पसरलेल्या कंपन्यांत असतात. फायझरने २००३ मध्ये आरोग्यक्षेत्रासाठी अशी योजना सुरू केली, आयबीएमने २००८ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची छोटी पथकं महिनाभरासाठी पाठवायला सुरुवात केली, एसएपीची २०१२ पासून आहे. साचा साधारण सारखाच असतो. कंपनी पैसे आणि माणसं देते, मधली एखादी संस्था राहणं, प्रवास, सुरक्षितता आणि कामाची निवड बघते, आणि तिथली स्थानिक संस्था, जिला यजमान म्हणतात, ती आपलं काम समोर ठेवते.

आपल्याकडे गोंधळ होतो तो सीएसआरवरून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चावरून. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण भारताबाहेर केलेलं काम त्यात धरलं जात नाही (खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा तेवढा अपवाद आहे). त्यामुळे प्लँटच्या सीएसआरवाल्या साहेबांना विचारलंत तर "आपल्याकडे असं काही नाही" हेच उत्तर मिळायची शक्यता जास्त. मलाही तेच मिळालं होतं. हा खर्च सहसा मुख्यालयाच्या मनुष्यबळ विकासाच्या खात्यातून होतो. म्हणून कंपनीच्या आतल्या पोर्टलवर नेतृत्व विकासाच्या पानावर शोधा, एचआरला थेट लिहा. यावरून आणखी एक कळतं: तुमचं मन किती मोठं आहे हे ते बघत नाहीत. अनोळखी जागी, अपुऱ्या साधनांत तुम्ही काम कसं उभं करता, हे बघतात. अर्ज तसा लिहा.

अर्ज आणि इंग्रजी

माझा पहिला अर्ज नाकारला गेला. त्यात मी "समाजाची सेवा करायची आवड" असं तीन ठिकाणी लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी लिहिलं ते असं: आमच्या स्टोअर्समध्ये एकाच नटबोल्टचे चार वेगवेगळे कोड पडले होते, ते मी कुणाला सोबत घेऊन, किती दिवसांत, कोणत्या भांडणातून एकावर आणले. सेवा हा शब्दच घातला नाही. निवड झाली.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो, काम फसलं तेव्हा काय केलंत. खरं फसलेलं सांगा, आणि तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला दोष देऊ नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, इंग्रजी पाचवीपासून. भीती होतीच. तयारी म्हणून मी सातवीतल्या मुलीला रोज रात्री माझं काम दोन मिनिटांत इंग्रजीत समजावून सांगायचे. तिला कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. फिफो, पीपीएपी, लीड टाइम हे कारखान्यातले शब्द बंद केले. महिनाभरात वाक्यं छोटी झाली, आणि तिथे तीच उपयोगी पडली. आमच्या आठ जणांच्या पथकात ब्राझील, जर्मनी, जपान अशी सहा देशांची माणसं होती. त्यातल्या सहा जणांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. सगळे हळू बोलायचे आणि फळ्यावर लिहायचे.

साहेबांची परवानगी ही स्वतंत्र लढाई आहे. महिनाभर तुमचं काम कोण बघणार, हे त्यांनी विचारायच्या आत लेखी द्या. मी सहकाऱ्याला दोन आठवडे शेजारी बसवलं आणि त्याच्या वार्षिक क्लोजिंगच्या वेळी त्याचं काम मी घेईन असं ठरवलं. आपल्याकडे शेतात इर्जिक असते, आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, तशीच ही. सोबत एचआरकडून चार गोष्टी लेखी घ्या: पगार आणि रजा कशी धरणार, रोजचा भत्ता किती, विम्यात आजारी माणसाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च आहे का, आणि वर्षाच्या मूल्यमापनात हा महिना कसा मोजणार.

घरच्यांचं मी एवढंच सांगेन की निवड झाल्यावर सांगू नका, अर्ज करतानाच सांगा. सासूबाईंनी विचारलं, "तितं आपलं कुनी हाय का?" नाही म्हटल्यावर त्या गावाकडून महिनाभर आमच्याकडे येऊन राहिल्या. त्यांच्यामुळे जाता आलं.

कागद आणि लस

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, योजनेची वाट बघू नका. पोस्टातल्या सेवा केंद्रात काम होतं, पण पोलीस पडताळणीत गावचा पत्ता आणि सध्याचा पत्ता यांत वेळ जातो.

केनियात २०२४ पासून आधीच्या व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. पण पर्यटकाच्या परवानगीवर काम करता येतं का, की वेगळा परवाना लागतो, हे मधल्या संस्थेकडून लेखी घ्या. विमानतळावर अधिकारी "कशासाठी आलात" विचारतो तेव्हा तुमचं उत्तर आणि कागद यांचा मेळ बसला पाहिजे.

पिवळ्या तापाची लस विसरू नका. केनियातून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिची तारीख आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. मी मुंबईला जाऊन घेतली. अंड्याची ॲलर्जी असेल, गरोदर असाल, वय साठच्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा. त्या निघण्याआधी सुरू होतात आणि परत आल्यावरही काही काळ चालू ठेवाव्या लागतात.

सामान भरताना प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे. दंड ४० लाख शिलिंगांपर्यंत, शिवाय तुरुंगवासाची तरतूद. आपल्याला चपलेला, चटणीला, ओल्या कपड्यांना पिशवी लागतेच. माझ्या जावेने जुन्या सुती साडीच्या अकरा पिशव्या शिवून दिल्या. शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यातून नेली. आपली पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. आणि एक स्वेटर घ्या: नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे, पहाटे गारठा असतो.

निघण्याआधीचे फोन

माझ्या मते सगळ्यात मोलाचे दिवस हेच. निघण्याआधी सहा-आठ आठवडे यजमान संस्थेशी दर आठवड्याला बोलणं होतं. कामाचा एक कागद तयार होतो: काय करायचं, काय करायचं नाही, महिन्याच्या शेवटी हाती काय राहील. आमच्या कागदावर पहिल्यांदा लिहिलं होतं "गोदाम व्यवस्थापनाची आधुनिक पद्धत बसवणे". यातून काहीही निघू शकतं. मला आत्याचं वाक्य आठवलं. मी विचारलं, सध्या नोंद कोण करतं? त्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवाल का?

त्या एका पानाने मला जे सांगितलं ते चार मीटिंगांनी सांगितलं नव्हतं. पानावर तीन वेगवेगळी अक्षरं होती, म्हणजे वही तीन जणींच्या हाती फिरत होती. तारीख दोनच ठिकाणी. माल कुठे क्रेटमध्ये, कुठे नगात, तर कुठे "डेबे"त. डेबे म्हणजे डबा, पत्र्याचा मोठा, आपल्याकडे तेलाचा असायचा तसा. शब्द वाचताच कळला. मी बनवत असलेलं भलं मोठं एक्सेल त्याच रात्री बंद केलं. ज्या कामात माप एक नाही, तिथे एक्सेल काय मोजणार?

तेव्हा तुम्हीही पानाचा फोटो मागवा. तुमचं काम हिशोबाचं नसेल तर ज्या जागी काम करायचं त्या जागेचा फोटो मागवा, दार कुठे, खिडकी कुठे, दिवसा कोण तिथे असतं. आणि हे विचारा: यापूर्वी असं कुणी आलं होतं का, त्यांनी बसवलेल्यातलं आज काय चालू आहे, काय बंद पडलं, का पडलं.

थोडी भाषा शिका. स्वाहिली आपल्याला परकी वाटत नाही. दुकानाला दुका, गाडीला गारी, हिशोबाला हेसाबू, साबणाला साबुनी, विम्याला बीमा, वकिलाला वाकीली. पण घड्याळ सांभाळा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे पहिला तास. पहिल्याच आठवड्यात मला "सा ताटू"ला बैठक आहे असं सांगितलं. ताटू म्हणजे तीन एवढं मला येत होतं. मी दुपारी तीनला पोचले. ती वेळ सकाळच्या नऊची होती, आणि अकरा बायका शेतातली कामं टाकून माझी वाट पाहून गेल्या होत्या. त्यातल्या काहींच्या घरी जाऊन मी माफी मागितली. वेळ ठरली की आकडा सकाळ-दुपारसह कागदावर लिहून दाखवा.

तिथे पोचल्यावर

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तास. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. पुढे रस्त्याने वोटे, हे माकुएनीचं मुख्य ठिकाण. फोनचं सिम पासपोर्ट दाखवून घ्या आणि त्यावर एम-पेसा सुरू करा. २००७ पासून तिथले लोक फोनवरून पैसे देतात-घेतात. भाजीवालीपासून गाडीवाल्यापर्यंत सगळे तेच वापरतात.

मी शाकाहारी आहे, काही अडलं नाही. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी, मका आणि घेवड्याची मुथोकोई, चपाती तर सगळीकडे. न्डेंगू म्हणतात ते आपले मूग. आणि शेताच्या बांधाला तूर! तिला म्बाझी म्हणतात. लातूरच्या बाजारात वाढलेल्या बाईला परक्या मुलखात तुरीचं पान दिसणं काय असतं, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. प्यायचं पाणी मात्र उकळलेलंच घ्या.

आता कामाचं. तिथे आंब्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत असतो, म्हणजे आपला केसर मोहोरात असतो तेव्हा त्यांचा माल गोदामात. माझं काम हंगामाच्या ऐन मध्यात पडलं, आणि हे मुद्दाम मागून घेतलेलं होतं. यजमान म्हणतात, गर्दी नसताना या, निवांत बोलू. नाही म्हणा. रिकामं गोदाम बघून काही कळत नाही.

गोदामाला एकच दार होतं. आलेला नवा क्रेट दाराजवळ रचला जायचा, जुना आत भिंतीशी अडकून पडायचा आणि तिथेच नासायचा. आधी आलेलं आधी बाहेर गेलं पाहिजे, हे मी वीस वर्षं करत आलेलं काम. मी तारखांची लेबलं छापून नेली होती, मोठ्या अक्षरात. तीन दिवस ती लावली, तरी लॉरीत नवाच माल चढत होता. चौथ्या दिवशी मी पहाटे साडेचारला जाऊन उभी राहिले. लॉरी भरली जात होती अंधारात, एका टॉर्चवर, आणि भरणाऱ्यांपैकी दोघींना वाचता येत नव्हतं. लेबल कोण बघणार?

दारावर बसणाऱ्या मावशी होत्या. तिथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याची मामा, आपल्याकडे अमक्याची आई म्हणतात तशी. त्या म्हणाल्या, आम्ही शेळ्या ओळखायला गळ्यात चिंधी बांधतो, क्रेटला का नको? त्यांनीच ठरवलं: सोमवारची लाल, मंगळवारची पिवळी, असे सहा रंग. शिंप्याकडच्या कापडाच्या कपट्यांतून चिंध्या आल्या. दोन ओळींमध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडली. आजची चिंधी कोणती बाहेर काढायची, ती दाराच्या खिळ्याला सकाळी अडकवायची. माझा वाटा एवढाच की मोजणी रोज करायला लावली आणि माप एक केलं, क्रेट. महिन्याच्या शेवटी वही एकाच प्रकारच्या नोंदीत भरू लागली. चिंध्यांची पद्धत त्यांची असल्यामुळे ती समजावून सांगायला माझी गरज नव्हती. तुम्ही न्याल ते असंच कुणाच्या तरी हाती लागून बदललं पाहिजे; बदललं नाही तर समजा की अजून कुणी हातात घेतलेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्हाला जवळचा वाळूचा बंधारा दाखवला. पावसाळी नदीत आडवी भिंत घालतात, पुरासोबत येणारी वाळू तिच्यामागे साठते, आणि त्या वाळूच्या पोटात पाणी राहतं. वर ऊन असलं तरी फारसं उडत नाही. बाया वाळूत खड्डा करून स्वच्छ पाणी भरत होत्या. हे बंधारे गावकरी एकत्र येऊन बांधतात, अशा एकत्र कामाला तिथल्या कांबा भाषेत म्वेथ्या म्हणतात. मी त्यांना इर्जिकीचं सांगितलं, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तेही सांगितलं. रेल्वेने पाणी, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. त्या दिवसानंतर आमचं बोलणं बदललं. तुमच्या गावच्या अडचणी झाकू नका, मोकळेपणाने सांगा.

पैसे, वचनं, फोटो

रोख पैसे, फोन, कपडे वैयक्तिकरीत्या कुणाला देऊ नका. मला एका सदस्याने लॅपटॉप मागितला. वाईट वाटलं, पण मी ते मधल्या संस्थेच्या समन्वयकाला कळवलं आणि त्या सदस्यालाही तसंच सांगितलं. एकाला दिलं की दुसऱ्या दिवशी गटात तेढ येते, आणि तुम्ही तर निघून जाणार. "परत येईन", "कंपनीकडून मिळवून देते" ही वाक्यं उच्चारू नका.

फोटोचं मला फार लागून राहिलेलं आहे. भूकंपानंतर शिबिरात एका पाहुण्याने माझा आणि माझ्या भावाचा फोटो काढला, पत्ता लिहून घेतला, पाठवतो म्हणाला. आईने कित्येक महिने पोस्टमनला विचारलं. आमच्या घरातले आधीचे फोटो भिंतीखाली गेले होते, म्हणून तिला तो हवा होता. तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा, नको म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या, आणि काढलात तर तिथेच छापून हातात द्या. वोटेत स्टुडिओ आहेत. मी शेवटच्या गुरुवारी ३४ प्रती काढल्या आणि शुक्रवारी वाटल्या.

शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवा. कंपनीसाठीचं सादरीकरण इंग्रजीत होतं, ते उरकून टाका. खरं हस्तांतर गोदामात झालं पाहिजे, त्यांच्या भाषेत, आणि बोलणारे ते असले पाहिजेत. मी कोपऱ्यात बसून ऐकलं. दोन ठिकाणी चूक वाटली, विचारल्यावर कळलं की चूक माझ्याच समजण्यात होती.

परत आल्यावर

मुंबई विमानतळावर पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड हातात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. पुढचे काही आठवडे ताप आला तर डॉक्टरांना केनियाहून आल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा, आणि मलेरियाच्या गोळ्या मध्येच सोडू नका. खर्चाच्या पावत्या पहिल्या आठवड्यातच भरून टाका; शिलिंगातल्या पावत्यांची शाई लवकर उडते, म्हणून रोज फोटो काढून ठेवलेले बरे. सहकाऱ्याला दिलेला शब्द पाळा. मी मार्चअखेरचं त्याचं क्लोजिंग केलं.

आमच्या प्लँटमध्ये पुढच्या तुकडीचे अर्ज सुरू झालेत. मेंटेनन्समधला गंगापूरकडचा एक फिटर रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसतो आहे. पहिल्या खर्ड्यात त्याने सेवेची आवड असं लिहिलं होतं. आम्ही ते खोडलं, आणि त्याने बंद पडलेला कंप्रेसर जुन्या भागांतून एका रात्रीत कसा चालू केला, ते आता तो लिहितो आहे.